शाळेकडची पालकांची यादी : नंबर कुणाचा, मेसेज वाचतो कोण?

मलप्रभाकाठ | २४ मे, रात्री ९:४०

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या जंगलपट्ट्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवते. येत्या आठवड्यात शाळा भरेल, नवे प्रवेश होतील, त्याआधी हे लिहायला घेतलंय. गेल्या जुलैतली एक सकाळ अजून डोक्यातून जात नाही.

रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी पावणेसातच्या सुमारास तालुक्याला सुट्टी जाहीर झाल्याचं कळलं आणि दोन मिनिटांत मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं. मेसेज इन्फोमध्ये निळ्या खुणेखाली वाचणाऱ्यांची नावं दिसायला लागली, मी निर्धास्त झाले. साफसफाईचं बघायला म्हणून सव्वानऊला शाळेत गेले, तर व्हरांड्यात पाच मुली. आठवीची एक आणि तिच्या वाडीतल्या चौघी. अंगावर प्लास्टिकची खोळ, दप्तर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं, स्कर्ट मांडीपर्यंत चिंब. वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक ओढा आहे. तो ओलांडून आल्या होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या आठवीच्या पोरीनं सांगितलं, "बाई, उशीर झाला, पाणी जास्त होतं."

पाचही घरांचे नंबर आमच्या यादीत होते. तिघींचे वडील गोव्यात, त्यातले एक कारखान्यात पहिल्या पाळीला, फोन बाहेर कपाटात. चौथा नंबर प्रवेशाचा फॉर्म भरून देणाऱ्या एका काकांचा. पाचवा बंद. दुपारी मी पोरींना पोचवायला वाडीत गेले तेव्हा त्या आठवीच्या मुलीच्या आईनं पदराखालून बटणाचा फोन काढून दाखवला. चार्ज होता, रेंजही एक-दोन काड्या होती. म्हणाली, "माझा नंबर कुणी इचारलाच नाही की वो बाई."

यादी तर होती. पण ती खरी कशी ठेवायची, कुणी ठेवायची आणि निरोप कुठल्या वाटेनं पाठवायचा, हे आमच्या शाळेत कुणी कधी बसून ठरवलेलंच नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांत तुम्ही हे कसं करता? पालक म्हणून काय अनुभव आहे? सविस्तर लिहा.

निपाणीकर | २४ मे, रात्री ११:०५

मी शाळेच्या ऑफिसात आहे, बरीच वर्षं प्रवेशाचं काम माझ्याकडेच. तुमचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला.

मुळात खोट फॉर्मात आहे. "पालकाचा मोबाईल नंबर" असा एकच चौकोन असतो. तिथं बाप आपला नंबर लिहितो, कारण पालक म्हटलं की बाप असंच सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे बऱ्याच आया तंबाखूच्या वखारीत नाहीतर घरी विड्या वळायला बसतात, वडील कुठं कोल्हापूरला, कुठं पुण्याला. तीन वर्षांपूर्वी मी तो चौकोन काढून टाकला. आता समोर बसलेल्या माणसाला तोंडी विचारतो, "सकाळी सात वाजता तुमच्या घरात कुणाचा फोन वाजतो?" उत्तर येतं ते आजीचं, काकूचं, कधी कॉलेजात जाणाऱ्या बहिणीचं. दुसरा प्रश्न, "आलेलं वाचून कोण दाखवतं?" जिथं "कुणी नाही" असं उत्तर येतं तिथं नावापुढं "फोनच करणे" असं लिहून ठेवतो.

आणि तिथल्या तिथं त्या नंबरावर रिंग देतो. समोर वाजला तर बरोबर. एक आकडा चुकलेला तिथंच सापडतो, नाहीतर तो जुलैत सापडतो.

सॅट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेला नंबर हीच शाळेची यादी असं समजू नका. तो सरकारी नोंदीचा नंबर. स्कॉलरशिपचा ओटीपी कुणाच्या फोनवर येणार हे बघून लोक तो देतात, आणि ते त्यांचं बरोबर आहे. रोजच्या निरोपाची यादी वेगळी हवी.

एक्सेलवाल्यांसाठी एक गोष्ट. नंबरच्या रकान्याचा फॉरमॅट आधी "टेक्स्ट" करा. ९१ लावून बारा आकडी नंबर घातला तर एक्सेल त्याचं ९.१९ई+११ असं काहीतरी करून दाखवतं. आणि मराठी नावांची सीएसव्ही फाईल थेट डबल क्लिक करून उघडली की नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. डेटा मेनूतून इम्पोर्ट करायची आणि यूटीएफ-८ निवडायचं. आमच्या एका नवीन सहकाऱ्यानं तसली बिघडलेली फाईल सेव्ह केली आणि सहावीची अख्खी यादी पुन्हा हातानं लिहावी लागली.

शहापूरची आई | २५ मे, सकाळी ८:२०

मी पालक म्हणून लिहिते. मुलगा सहावीत, मुलगी नववीत, दोन शाळा, मिळून पाच ग्रुप. घरात माग आहे, दिवसभर हात रिकामा नसतो. रात्री फोन बघावा तर गुलाबाची फुलं, सुविचार, कुणाच्या वाढदिवसाला चाळीस जणांचे केक. त्याच्या खाली कुठंतरी "उद्या सायन्सची वही तपासणार" असतं. मुलीच्या चाचणीची तारीख बदललेली मला त्याच गर्दीत दिसली नाही. ती जुन्या तारखेला अभ्यास करून गेली आणि रडत घरी आली.

दुसरी गोष्ट बोलायला नको वाटते, पण बोलायलाच पाहिजे. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. मला एका अनोळखी माणसाचे रात्री फोन येत होते. मुलाच्या वर्गातल्या कुणाचा तरी नातेवाईक निघाला, ग्रुपमधून नंबर घेतला होता. शेवटी मी ग्रुप सोडला आणि त्यानंतर शाळेचा एकही निरोप मला आला नाही. आमच्या भागातल्या किती बायका याच भीतीनं आपला नंबर देत नाहीत, नवऱ्याचा देतात, हे शाळांना ठाऊक आहे का? मलप्रभाकाठ, त्या वाडीतल्या आईचा नंबर घ्या, पण तो दीडशे लोकांना दिसणार नाही याची हमी तिला आधी द्या.

चोर्ला | २५ मे, दुपारी ३:१५

आता जेवणाच्या सुट्टीत आहे. मी गोव्यातच काम करतो, घर खानापूर तालुक्यात. आईचा नंबर घ्या, जरूर घ्या, पण बापाचा काढून टाकू नका. पंधरा दिवसांतून एकदा घरी जातो. पोराच्या शाळेचा मेसेज दुपारी वाचला की संध्याकाळी फोनवर त्याला काहीतरी विचारता येतं. तेवढंच असतं आमच्याकडे. सकाळच्या घाईच्या निरोपाला घरचा नंबर, बाकी सगळ्याला दोन्ही.

उद्यमबाग | २५ मे, रात्री १०:३०

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, गाव बेळगावच. दोन शाळांना हे सगळं बसवून दिलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

शहापूरच्या ताईंचा मुद्दा आधी. व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपात नंबर उघडे राहतात, याला इलाज नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये उघडे पडत नाहीत, पण तिला दोन अडचणी आहेत. एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात आणि ज्यानं शाळेचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ज्यानं केला नाही त्याला येत नाही, आणि आला नाही हे शाळेच्या सहज लक्षातही येत नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच, ऑफिसच्या टेबलाशी, त्यांच्या फोनमध्ये शाळेचा नंबर सेव्ह करून द्यायचा. नाहीतर कम्युनिटी करा. तिच्या घोषणांच्या ग्रुपात फक्त अॅडमिन लिहितात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गुलाबाची फुलंही आपोआप थांबतात.

आता इमेल. खेड्यातल्या शाळांना ते परकं वाटतं, पण टिळकवाडी, कॅम्प भागातल्या शाळांत फी, निकालपत्रक, बसचा मार्ग हे सगळं इमेलवरच चालतं. तिथल्या एका शाळेतला प्रकार सांगतो, नाव सांगत नाही. ऑफिसनं फीच्या थकबाकीचं पत्र पाठवलं आणि सगळ्या पालकांचे पत्ते "टू" मध्ये टाकले. एका आईनं उत्तर दिलं. नवऱ्यापासून वेगळी राहते, कोर्टात प्रकरण आहे, दोन महिन्यांची मुदत द्या, असं मनापासून लिहिलं होतं. तिनं दाबलं "रिप्लाय ऑल". पावणेदोनशे घरांत ते पत्र गेलं. पोरगी आठवडाभर शाळेत आली नाही. चूक त्या आईची नव्हती. पत्ते "बीसीसी" मध्ये, म्हणजे इतरांना दिसत नाहीत त्या रकान्यात, घातले असते तर तिचं उत्तर फक्त ऑफिसला गेलं असतं.

त्यापेक्षा गूगल ग्रुप करावा, फुकट असतो. सेटिंगमध्ये फक्त शाळेनं लिहायचं आणि सभासदांची यादी फक्त चालकांना दिसेल, एवढं ठेवलं की हा धोका संपतो. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांच्या वर पाठवता येत नाही, नंतर खातं काही काळ अडकतं. निकालाच्या दिवशी असं झालेलं पाहिलंय. शाळांना गूगलचं वर्कस्पेस फॉर एज्युकेशन फुकट मिळतं, त्यात मर्यादा मोठी आहे आणि पत्ता शाळेच्या नावाचा होतो.

पत्ता शाळेच्याच नावाचा असावा हे मी फार कळकळीनं सांगतो. संगणक येणाऱ्या एका शिक्षकाच्या खासगी जीमेलवर सगळी यादी असते. त्यांची बदली रामदुर्गाला होते आणि यादी त्यांच्याबरोबर रामदुर्गाला जाते. हजेरीपट आपण घरी नेतो का? मग ही यादी कशी जाते?

पाठवलेलं इमेल परत आलं की ते कचऱ्यात टाकू नका. परत आलेला प्रत्येक पत्ता म्हणजे निरोप न मिळालेलं एक घर. त्याच दिवशी फोन करून नवा पत्ता घ्या.

आणि कायदाही आता आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि मुलांच्या माहितीसाठी साधारणपणे पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय. क्लासवाल्यांना, युनिफॉर्मच्या दुकानदाराला यादी देण्याची जी सवय काही ठिकाणी आहे, ती आत्ताच मोडा.

हिडकल | २६ मे, सकाळी ६:५०

मी निवृत्त मुख्याध्यापक. उद्यमबाग यांनी सगळं नीट सांगितलं, तरी माझा थोडा विरोध नोंदवतो. पाठवलं म्हणजे पोचलं, हा समज फोननं आणला. आमच्या वेळी चिठ्ठी पोराच्या हातात द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पालकाच्या सहीनिशी परत मागायचो. सही आली नाही की कळायचं, या घरी गेलं नाही. निळी खूण म्हणजे सही नव्हे. फोन धाकट्या पोराच्या हातात खेळायला असतो, खूण तोच उमटवतो.

पण एका ठिकाणी फोनला पर्याय नाही, तो मे महिना. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल मेच्या सुरुवातीला लागतो, शाळा बंद, पोरं मामाच्या गावाला. २०२४ आणि २०२५ मध्ये वर्षात तीन परीक्षा झाल्या. पहिलीत राहिलेल्याला दुसरीला बसता येतं, वर्ष वाया जात नाही. पण त्या अर्जाची मुदत मोजक्या दिवसांची. माझ्या शेजारच्या घरातला मुलगा गणितात राहिला आणि बाजारात हमालीला लागला. दुसरी परीक्षा असते हे त्याच्या बापाला जूनमध्ये समजलं. शाळेनं मेसेज टाकला होता, बापाचं सिम बदललं होतं. शेवटी तिसऱ्या परीक्षेला बसवला, पास झाला. म्हणून दहावीच्या वर्गाची यादी परीक्षा सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्ये, पुन्हा एकदा रिंग देऊन तपासावी. सुट्टीत कुठं जाणार, तिथला नंबर कोणता, हेही विचारून घ्यावं.

वेदगंगा | २६ मे, सकाळी ९:१०

हिडकल सरांना +१. आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर परत एकदा. ऊसतोड सुरू झाली की घरंच्या घरं हलतात, नंबर बदलतात.

भाषेचं कुणी बोललं नाही अजून. वरून येणारी परिपत्रकं कन्नडमध्ये. आमच्या पालकांतले निम्मे कन्नड बोलतात, बाजारात व्यवहार करतात, पण सरकारी कन्नड वाचणं वेगळं. परिपत्रकाचा फोटो तसाच ग्रुपवर ढकलला की पुढचे दोन दिवस "बाई, हे काय लिहिलंय?" याचेच फोन. मी परिपत्रक पाठवतच नाही. तीन ओळी मराठीत लिहिते : काय करायचं, कुठल्या तारखेच्या आत, कुठला कागद घेऊन यायचं. खाली मूळ कागद. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं कन्नड कॉपी करून भाषांतराला टाकलं तर उलटसुलट अक्षरं येतात, त्यापेक्षा फोटो काढून गूगल लेन्सनं वाचावं आणि मग कन्नडच्या शिक्षकांना एकदा दाखवावं. तारीख आणि रक्कम तर दाखवल्याशिवाय पाठवूच नये.

आमच्या वर्गात कन्नड घरातलीही तीन मुलं आहेत. त्यांच्या आयांना तोच निरोप मी कन्नडमधून पाठवते. आपल्याला जे हवंसं वाटतं ते त्यांनाही हवं असणारच.

मलप्रभाकाठ | २६ मे, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता वहीत उतरवून घेतलं. एक अडचण राहते. आमच्या सहा-सात वाड्यांत इंटरनेट नाही, व्हॉट्सअॅप टेकडीवर गेलं तरच चालतं. साधा एसएमएस मात्र पोचतो, उशिरा का होईना. मराठी एसएमएसचं काय करता? माझे मेसेज तुटून दोन-तीन तुकड्यांत जातात म्हणे.

उद्यमबाग | २६ मे, रात्री ९:४५

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७० च. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेल्याची खूण, प्रत्येक एक अक्षर धरलं जातं. सत्तरच्या वर गेलं की तुकडे होतात आणि कमकुवत रेंजमध्ये एखादा तुकडा मागे राहतो. एजन्सीकडून घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे डीएलटी या घाऊक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर शाळेची नोंदणी, पाठवणाऱ्याचं सांकेतिक नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. सहा-सात वाड्यांसाठी तो खटाटोप नको. ऑफिसच्या सिमवरून हातानं पाठवा, बहुतेक प्लॅनमध्ये दिवसाला शंभर फुकट असतात.

मजकूर असा करता येईल, मोजून ६८ अक्षरं :
उद्या मंगळवार १५ जुलै पावसामुळे शाळेला सुट्टी. बुधवारी नेहमीप्रमाणे.

निपाणीकर | २६ मे, रात्री १०:२०

यातला "उद्या" काढा. रेंज नसलेल्या घरी हा मेसेज मंगळवारी सकाळी उतरेल, आणि ते "उद्या" वाचून पोराला आज शाळेत पाठवतील आणि बुधवारी घरी ठेवतील. आमच्याकडे हे घडलंय. वार आणि तारीखच लिहायची. शिवाय एकाच घरातलं एक पोर प्राथमिक शाळेत, एक हायस्कुलात असतं, त्यामुळे कुठल्या शाळेचा निरोप हे पहिल्या शब्दात पाहिजे.

हायस्कूल: मंगळवार १५ जुलै पावसाची सुट्टी. बुधवारी शाळा भरेल.

साठ अक्षरं झाली.

शहापूरची आई | २७ मे, सकाळी ७:५५

हे कुणालाही कळेल. माझ्या सासूबाईंना वाचायला दिलं, त्यांनी एका दमात वाचलं.

मलप्रभाकाठ | १९ जुलै, रात्री ८:३०

पावणेदोन महिन्यांनी परत आलेय, काय केलं ते सांगायला.

प्रवेशाच्या वेळी "सकाळी सात वाजता कुणाचा फोन वाजतो" हा प्रश्न विचारला. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी सांगितलं, "आमच्या घरात कुणाचाच नाही, दुकानदाराचा वाजतो." त्यांच्या वाडीसाठी दुकानदाराचा नंबर लावला, त्यांना विचारून. घरचा नंबर आणि बाहेरगावचा नंबर असे दोन रकाने केले. चोर्ला, तुमच्यासारखे वडील दुसऱ्या रकान्यात आहेत, फीचे आणि गुणांचे निरोप त्यांनाही जातात. मूळ यादी लांब वहीत, ऑफिसच्या कपाटात. नंबर बदलला की जुना एका रेघेनं खोडून पुढं तारीख. कम्युनिटीही केली. ज्या आयांनी आधी नंबर दिला नव्हता त्यातल्या काही जणींनी, इतरांना दिसणार नाही म्हटल्यावर, लगेच दिला.

एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत एका सदस्यांनी गावातल्या क्लाससाठी यादी मागितली. मुख्याध्यापकांनी सरळ नाही म्हटलं, यादी पालकांनी शाळेच्या निरोपासाठी दिली आहे. थोडी बाचाबाची झाली, पण यादी कपाटातच राहिली.

आणि ओढ्यापलीकडच्या वाडीचं. तिथं मेसेजवर विसंबायचं नाही असं ठरलं. सुट्टी कळली की मी त्या आठवीच्या, आता नववीतल्या, मुलीच्या आईला फोन करते, ती बाकीच्या चार घरांत सांगते आणि मला मिस्ड कॉल देते. तो येईपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही. या महिन्यात असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी तिचाच फोन आधी आला, सहा वाजायच्याही आत. "बाई, ओढा भरून वाहू लागलाय. सुट्टी असू दे नसू दे, आज आमच्या पोरी येत नाहीत. हजेरीत लिहून ठेवा."

वेदगंगा | १९ जुलै, रात्री ९:०५

त्या प्रवेशफॉर्मातले प्रश्न जसेच्या तसे इथं टाकाल का? आमच्या मुख्याध्यापकांना उद्याच दाखवते.

मलप्रभाकाठ | १९ जुलै, रात्री ९:२०

टाकते. वही शाळेत आहे, सोमवारी बघून लिहिते.